दुसऱ्या दारातला नकार

सोलापूरच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती आणि बाबा माझ्याकडे पाठ करून भिंतीवरची पोस्टरं वाचत होते. बॅग टपावर चढली, आईनं दोनदा शेंगाचटणीची पुडी दाबून पाहिली, तरी ते वाचतच होते. शेवटी आई म्हणाली, "आता तरी बोला पोरीशी."

ते वळले आणि म्हणाले, "खळ पातळ केलीय. पहिल्या पावसात गळून पडणार ही पोस्टरं."

मग ते म्हणाले, "जा. शिक. पण तिथे कुणाची मिंधी होऊ नकोस."

दोन हजार एकचा ऑगस्ट होता. मातीच्या अभ्यासासाठी, म्हणजे मृदाशास्त्रात एम.एस. करायला, मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी निघाले होते. बाबा दिवसा शाळेत शिकवत आणि संध्याकाळी विडी कामगार बायकांच्या युनियनचं काम करत. पत्रकं ते लिहीत, आई मैद्याची खळ शिजवी, घड्या मी घाली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या मथळ्यांवरून. 'गमभन'च्या आधी मला 'मागणी' वाचता येत होतं. आमच्या घरात देव नव्हता, नवस नव्हता, सोवळंओवळं नव्हतं. नियम एकच होता, ज्यानं त्यानं आपलं ताट स्वतः घासायचं, मग घरात मंत्री येवो की मोलकरीण. मंत्री कधी आला नाही ही गोष्ट वेगळी.

तिकडे राहिलेले तुम्ही, आणि माझ्यासारखे इकडे आलेले तुम्ही, दोघांनाही हे सांगते आहे. कारण मी त्या घरातून काय घेऊन निघाले होते हे माहीत नसेल, तर पुढचं सगळं तुम्हाला एका स्वयंपाकाच्या क्लासची गंमत वाटेल.

क्लासला मला नेलं वैशालीनं. ती नागपूरची, माझी रूममेट, केमिकलमध्ये पीएच.डी. करणारी. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसबाहेरच्या बोर्डावर तिनं एक कागद पाहिला होता. गावातल्या एका घरी, शनिवारी दुपारी, सिसिलीच्या पद्धतीचा स्वयंपाक, स्वतःच्या हातांनी करायचा. "यार, आपण वर्षभर आलटून पालटून राजमा आणि मॅगी खातोय," ती म्हणाली. "चल ना. तुझ्या क्रांतीला एक शनिवार सुट्टी दे."

कॅम्पसची बस शेवटच्या स्टॉपला सोडायची, तिथून चढावर चालत जायचं. घर लहान, पायऱ्यांवर प्लॅस्टिकच्या बादल्यांत बडीशेपेची झाडं. दार उघडणारी बाई ऐंशीच्या आसपासची, बुटकी, मनगटं मात्र पैलवानाची. तिचे वडील सिसिलीतून इथल्या चुनखडीच्या खाणीत कामाला आले होते. तिचं नाव रोझालिया. वैशालीनं परतीच्या बसमध्येच तिची रोझामावशी करून टाकली.

पहिल्या शनिवारी तिनं आम्हाला पास्ता शिकवलाच नाही. शिळा पाव दिला आणि खलबत्त्यात कुटायला लावला. मग तो चुरा ऑलिव्हच्या तेलात, लसणीवर, मंद आचेवर परतायचा. पिवळसर, मग बदामी, मग त्याच्याही पुढचा एक रंग असतो, तिथे थांबायचं. मी लवकर थांबले. तिनं माझ्या हातातला चमचा काढून घेतला नाही, नुसतं मनगट धरून अजून चार वेळा फिरवला.

"हा पास्त्यावर घालायचा. चीजच्या जागी," ती म्हणाली. "चीज जमीनदाराकडे. आमच्याकडे हे."

"ही तर आपली फोडणीची पोळी," वैशाली मराठीत म्हणाली.

ओट्यावर पाय हलवत बसलेली रोझामावशीची नात हसली. तिला शब्द कळले नव्हते, सूर कळला होता. तिचं नाव अँजी. वय वीस, टायरच्या दुकानात कामाला, आजीनंच वाढवलेली. आम्ही कुटत होतो आणि ती आमच्या ताटलीतून चुरा उचलून खात होती. वांगी, व्हिनेगर आणि साखरेची जी आंबटगोड भाजी त्या दिवशी झाली, ती चिंचगुळाच्या इतकी जवळची होती की खाता खाता मी बाहीनं डोळे पुसले. अँजीनं विचारलं, "वाईट झाली का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मग रडू नकोस. आजीला वाटेल मीठ कमी पडलं."

अँजी सैन्याच्या रिझर्व्हमध्ये होती. महिन्यातून एक शनिवार-रविवार सराव, बदल्यात कॉलेजची फी. ती ट्रक चालवायची. इराकवर हल्ला होणार याची चर्चा तेव्हा रोज होती, आणि मी कॅम्पसच्या गेटवर युद्धाविरुद्ध पत्रकं वाटत होते. त्यातलं एक मीच लिहिलेलं. ते मी अँजीच्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं की युद्ध ठरवणाऱ्यांची पोरं युद्धाला जात नसतात. तिनं ओट्यावर बसून ते शेवटपर्यंत वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "पण माझी फी तुझा पक्ष भरणार का?"

मी खूप बोलले, पण ते उत्तर नव्हतं.

फेब्रुवारीत तिला बोलावणं आलं. त्या शनिवारी रोझामावशीनं क्लास घेतला, पण शिकवलं काही नाही. कणिक मळत राहिली. मग म्हणाली की एकोणीस मार्चला ती टेबल मांडणार आहे. सेंट जोसेफचं टेबल. हा जोसेफ सुतार, येशूचा बाप. त्याच्या नावानं सिसिलीत गावजेवण घालतात. मांस नाही, चीज नाही, कारण सुताराच्या घरी ते कुठलं. पावाचा परतलेला चुरा म्हणजे त्याच्या करवतीचा भुसा. आणि जेवणाआधी एका परक्या, उपाशी माणसानं तीन दारं ठोठवायची. पहिलं दार त्याला हाकलतं. दुसरं हाकलतं. तिसरं यजमानाचं, ते आत घेतं. परक्यानं पहिला घास घेतल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही.

आमच्याकडे नवस आधी बोलतात आणि फेडतात नंतर. ही बाई अँजी सुखरूप परत यावी म्हणून आगाऊ फेडणार होती. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "आधी वाढलं की त्याला नाही म्हणता येत नाही. पुरुषांना ओळखते मी."

मग तिनं मला परकी हो म्हणून विचारलं. "इथे प्रत्येकाला मी डायपरमध्ये पाहिलंय. परका माणूस आणू कुठून?"

मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणून थांबले नाही. देव मानत नाही म्हटलं, नवस म्हणजे भीतीचा व्यापार म्हटलं, आणि भिकारी होऊन कुणाच्या दारात उभं राहणं आमच्या घरात बसत नाही असंही सांगितलं. माझं इंग्रजी अशा वेळी फार सुधारतं. रोझामावशीनं सगळं ऐकून घेतलं. "तुला मानायला कुठे सांगितलंय?" ती म्हणाली. "दार ठोठव म्हटलं."

अँजी मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. रस्त्याकडेला घट्ट झालेला बर्फ होता. ती म्हणाली, "हे बघ, तू तुझी पत्रकं वाट, मी माझा ट्रक चालवते. पण मी गेल्यावर ही बाई रात्रंदिवस टीव्हीसमोर बसणार. तिला काहीतरी करायला पाहिजे. टेबलाला नाही म्हणू नकोस."

मी हो म्हटलं. बाबांना फोनवर सांगितलं नाही.

टेबलाच्या आधीचे चार दिवस आम्ही पाव भाजले. साधे नाहीत, अवजारांच्या आकाराचे. करवत, हातोडा, शिडी, रंधा. मला ते फार आवडलं. देवापुढे फुलं नाहीत, हार नाहीत, कामगाराची हत्यारं. मी कणकेची एक कात्री केली, विड्यांची पानं कापायची असते तशी, बोथट टोकाची. रोझामावशीनं ती उलटसुलट करून पाहिली.

"ही कुणाची?"

"आमच्या गावातल्या बायकांची. दिवसभर पानं कापतात."

"जोसेफनं कात्री वापरली नसेल," ती म्हणाली आणि तिला अंड्याचा हात लावून भट्टीत सरकवली. तिनं ती मधोमध, करवतीच्या शेजारी ठेवली.

एकोणीस मार्चला संध्याकाळी गारा आणि पाऊस एकत्र पडत होते. वैशालीचं जाकीट घालून मी पहिल्या दारात गेले. ते रोझामावशीच्या नणंदेचं. ती बहुधा जन्मभर या एका क्षणासाठी जगत असावी. मी "उपाशी आहे, दमले आहे" एवढंच म्हणते तोच तिनं हात वर करून मला असं काही हाकललं की कोपऱ्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

दुसरं दार मिस्टर हॅरल्डचं. बायको गेलेला, निवृत्त पोस्टमन, सिसिलीशी काही संबंध नसलेला, फक्त शेजारी. हे काम आधी ज्याला दिलं होतं तो माणूस आजारी पडला म्हणून याला सांगितलं होतं. त्यानं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे देवा, आत ये. कॉफी घे आधी."

"तुम्ही मला नाही म्हणायचंय," मी म्हटलं.

"माहीत आहे गं. पण तू भिजलीयस."

"मिस्टर हॅरल्ड, प्लीज."

"मी आयुष्यात कुणाला पावसात उभं केलेलं नाही."

मी, जिनं महिनाभर आधी या सगळ्याला भीतीचा व्यापार म्हटलं होतं, त्या दारात उभी राहून एका सज्जन माणसाच्या विनवण्या करत होते, की मला हाकला. पलीकडच्या घराच्या खिडकीत रोझामावशी दिसत होती. ती बघत होती. दोनदा नकार मिळाल्याशिवाय तिच्या लेखी काहीच झालेलं नव्हतं. "अँजीसाठी," मी म्हटलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जागा नाही," तो माझ्या बुटांकडे पाहत म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तिसरं दार उघडलं तेव्हा आत गर्दी होती. मला टेबलाच्या टोकाशी बसवलं. रोझामावशीनं माझ्या हातावर पाणी घातलं, ताट वाढलं आणि बाजूला उभी राहिली. सगळे उभे होते. म्हातारी माणसं, शेजारी, क्लासमधली मुलं, वैशाली. मी जेवले नाही तर कुणीच जेवणार नव्हतं. मिंधेपणाविषयी मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. इथे एक अख्खं घर माझ्या एका घासासाठी ताटकळत होतं. कोण कुणाचं मिंधं, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. मी पास्त्याचा घास घेतला. चुरा दाताखाली वाजला. मग खुर्च्या सरकल्या.

आम्ही घरी पोचलो आणि टीव्ही लावला तेव्हा बगदादवर हल्ला सुरू झाला होता.

अँजी परत आली नाही. ऑक्टोबरमध्ये तिचा ट्रक रस्त्याकडेच्या खड्ड्यात उलटला. गोळी नाही, बॉम्ब नाही. रात्रीचा प्रवास आणि दमलेली माणसं. माझ्या पत्रकात जे लिहिलं होतं ते खरं ठरलं होतं, आणि त्या खरं ठरण्याचं मला काय करायचं ते कळत नव्हतं. चर्चमध्ये अँजीच्या शवपेटीवरचा घडी केलेला झेंडा रोझामावशीच्या मांडीवर ठेवला. घरी आल्यावर तिनं तो कपाटावर ठेवला आणि आलेल्या माणसांसाठी पास्त्याचं आधण ठेवलं.

डिसेंबरात मी सोलापूरला गेले, सव्वादोन वर्षांनी. आईनं नवी काचेची ताटली काढली. प्यायला बाटलीतलं पाणी आणलं होतं, "तुला आता नळाचं बाधेल." मला आधी वाढलं, आणि मी पहिला घास घेईपर्यंत दोघं माझ्याकडे बघत बसले. जेवण झाल्यावर मी ताट उचललं तर बाबा म्हणाले, "राहू दे. तू बस."

त्या घरात हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. बाबांनी माझं ताट मोरीत नेलं आणि घासलं. आई शेजारणीला सांगत होती, "पंधरा दिवसच आहे." मी बसून राहिले. कुणी परकं म्हटलं नव्हतं. पण मान देतात तो कुणाला, हे मी नुकतंच शिकून आले होते.

रात्री गच्चीवर मी बाबांना सगळं सांगितलं. नवस, दारं, कात्री, अँजी. मला वाटलं ते वाद घालतील. त्यांनी एवढंच विचारलं, "ती बाई आता काय करते?"

"स्वयंपाक."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

पुढच्या मार्चमध्ये रोझामावशी पुन्हा टेबल मांडणार हे कळल्यावर तिची नणंदसुद्धा बुचकळ्यात पडली. नवस कसला आता? मी विचारलं तेव्हा रोझामावशी वांगी कापत होती. "गेल्या वर्षी मागायचं होतं म्हणून वाढलं," ती म्हणाली. "या वर्षी काही मागायचं नाही. नुसतं वाढायचंय." मग म्हणाली, "परका माणूस बघ एखादा."

"मी आहे ना."

तिनं सुरी खाली ठेवली. "तू आता चालणार नाहीस. तुला माझ्या घरात लसूण कुठे असतो ते माहीत आहे."

परकी म्हणून मी प्राचीला आणलं. ती जळगावची, जानेवारीत आलेली, अजून जाकिटाची चेन लावताना चुकणारी. "ताई, मला काही करावं लागेल का?" "काही नाही, तीन दारं ठोठव."

अडचण मिस्टर हॅरल्डची झाली. तो दारात उभं राहून नाही म्हणायला तयार नव्हता. त्याच्या स्वयंपाकघरात मी त्याला समजावायला गेले. तो बराच वेळ टेबलक्लॉथवरचा एक डाग नखानं खरवडत राहिला.

"मी उशीर केला होता," तो म्हणाला. "तुला आठवतंय. मी लगेच नाही म्हटलं नाही. ते नीट झालं नाही."

अँजी गेल्यापासून पाच महिने हा माणूस हे घेऊन बसला होता. बाबांच्या एका जुन्या पत्रकातलं वाक्य मला तोंडपाठ होतं. लहानपणी मी ते शाळेत, जत्रेत, मावशीच्या घरच्या सत्यनारायणाला लोकांच्या तोंडावर फेकलं होतं. ते मी त्याला इंग्रजीत सांगितलं, अगदी हळू. "नवसानं कुणी जगत नाही, आणि नवस चुकल्यानं कुणी मरत नाही." मग त्यानं हातानं तोंड झाकून घेतलं. ते वाक्य कुणाला सुटका म्हणून देता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. कदाचित बाबांनाही.

तरीही नाही म्हणणं त्याला जमणार नव्हतं. रोझामावशीनं तोडगा काढला. "त्याच्या दारात तू उभी राहा," ती मला म्हणाली.

मी म्हटलं, दुसरं काहीही सांग. ती म्हणाली, "घरातल्याच कुणीतरी म्हणावं लागतं ते."

संध्याकाळी मी हॅरल्डच्या दारामागे उभी राहिले. तो माझ्यामागे खुर्चीत बसला होता. बाहेर प्राचीचे बूट वाजले, मग तीन टकटक. मी दार उघडलं. मला पाहून ती हसली, कारण आख्ख्या गल्लीत तिच्या ओळखीचा चेहरा तेवढाच होता. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य तिनं म्हटलं. उपाशी आहे, दमले आहे, रात्रीपुरती जागा मिळेल का.

मला इंग्रजीतच उत्तर द्यायचं होतं. पण तोंडातून मराठी आलं. "इथे जागा नाही. पुढे जा."

तिचं हसू गेलं. नाटक आहे हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, तरी क्षणभर ते पुरतं गेलं. आपल्या माणसाच्या तोंडून, आपल्या भाषेत, दारातल्या भिकाऱ्याला म्हणतात ते शब्द. मी दार लावलं.

घर म्हणजे जिथे आपल्याला आत घेतात ती जागा, असं मी समजत होते. व्हिसाच्या रांगेत, एअरपोर्टवरच्या काउंटरपुढे, भाड्याच्या अपार्टमेंटच्या ऑफिसात मी कायम दाराच्या बाहेरच्या बाजूची होते, आणि बाहेरच्या बाजूनं नीतिमान असणं सोपं असतं. आता माझ्या 'नाही'ला इथे वजन आलं आहे. जळगावच्या मुलीचा चेहरा पडण्याइतकं. तुम्ही फोनवर विचारता, "तिकडे रुळलीस का गं?" रुळले, आई. आपण रुळलो हे असं कळतं. तुम्ही जे माझ्याआधी येऊन रुळलात, ज्यांच्या नावावर घरं झाली, मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली, तुम्ही दाराच्या कुठल्या बाजूला आहात ते एकदा बघून घ्या. मीही बघते आहे.

हॅरल्ड म्हणाला, "तुला जावं लागेल. ती तिकडे पोचली असेल."

मी त्याच्या मागच्या दारानं निघाले, दोन्ही अंगणांमधल्या बर्फातून. रोझामावशीच्या स्वयंपाकघरात शिरले तेव्हा पुढच्या खोलीत प्राचीच्या हातावर पाणी घालणं चाललं होतं. कढईतला चुरा बदामीच्या पुढच्या, थांबायच्या त्या रंगाला जवळजवळ आला होता. ढवळायला कुणी नव्हतं. मी जाकीट न काढता चमचा हातात घेतला.